आधी वैरण मोजा

मिरजेच्या आसपास कुठल्याही गोठ्यात जाऊन विचारा, ‘यंदा आणखी एक म्हैस घ्यायची का?’ मालक आधी वैरणीकडे बघतो. कडब्याची गंजी केवढी, ऊसतोड कधी लागणार, वाढे किती दिवस मिळणार, हा मेळ बसला तरच दावणीला नवे जनावर येते. १ ते ७ ऑक्टोबर हा वन्यजीव सप्ताह. फेऱ्या निघतील, चित्रकला स्पर्धा होतील, शपथा घेतल्या जातील. रानातल्या वैरणीचा हिशेब कोण मांडणार?

आपल्या जिल्ह्यात तरी तो मांडायलाच हवा. सागरेश्वर हे माणसांनी उभे केलेले अभयारण्य आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उघड्याबोडक्या डोंगरांवर झाडे आली, हरणे आणून सोडली गेली आणि १९८५ मध्ये अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर. भोवती जाळीचे कुंपण, त्यापलीकडे ऊस. चितळ-सांबरांची संख्या वाढत गेली, डोंगर मात्र तेवढाच राहिला. उन्हाळ्यात गवताची काडी होते, तिच्यातली प्रथिने घटतात. कुंपणापलीकडे तेव्हाही हिरवे उभे असते. हरीण जाळीला फट शोधते आणि शेतकरी बॅटरी घेऊन रात्र काढतो. दोघांनाही दोष देता येत नाही.

कुंपणातले रान म्हणजे एक बेटच. अशा बेटाचे काय होऊ शकते, याची कहाणी उत्तरेतल्या बेरिंग समुद्रात घडली आहे. १९४४ मध्ये तिथल्या सेंट मॅथ्यू बेटावर २९ रेनडिअर सोडण्यात आले. शिकारी जनावर नाही आणि जमिनीवर लायकेनचा, म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंदांचा, जाड थर. १९६३ पर्यंत कळप ६,००० वर गेला. तोवर लायकेन खरवडून संपले होते. ते पुन्हा वाढायला दशके लागतात. त्यातच १९६३-६४ चा हिवाळा कडक निघाला. १९६६ मध्ये डेव्हिड क्लाइन या शास्त्रज्ञाने मोजणी केली तेव्हा उरले होते ४२ रेनडिअर. पुढे तेही संपले. हिवाळा निमित्त झाला. घात आधीच झालेला होता.

तो आधी कळतो का? कळतो. चारा कमी पडू लागला की थोराड जनावरे लगेच मरत नाहीत. आधी पाडसे दगावतात, मग माद्या उशिरा किंवा कमी विऊ लागतात. म्हणून डोक्यांची नुसती बेरीज फसवी असते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसून आपण जनावरे मोजतो, पण मादीमागे पाडसे किती, त्यांच्या फासळ्या दिसतात का, याची नोंदही तितकीच मोलाची. वाळलेली लेंडीसुद्धा बोलते. प्रयोगशाळेत तिच्यातला नायट्रोजन तपासला की जनावराच्या चाऱ्यात किती कस होता, याचा अंदाज येतो.

सागरेश्वरातली चितळे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हलवण्याचा मार्ग वन विभागाने धरला, तो योग्यच आहे. तिथे वाघाला भक्ष्य हवे आणि इथे भार हलका व्हायला हवा. पण दावे बदलल्याने वैरण वाढत नाही. त्याच प्रकल्पातल्या चांदोलीत गावे उठल्यावर जुन्या शेतांची कुरणे झाली, गवे-सांबर त्यांवर चरतात. राखली नाहीत तर तीही झुडपांखाली जातील. सागरेश्वरातही घाणेरी उपटणे, खाण्याजोगे गवत लावणे आणि काही चौकोन कुंपण घालून चरण्यापासून राखणे, एवढे तरी व्हावे. आतले आणि बाहेरचे गवत शेजारी ठेवले की डोंगराला किती जनावरे पेलतात ते डोळ्यांनाच दिसेल. तो आकडा दरवर्षी प्राणीगणनेबरोबर जाहीर करावा.

त्यासाठी हाच सप्ताह योग्य. पाऊस सरता सरता गवत कमरेपर्यंत आलेले असते. वर्षाची सगळी पुंजी याच वेळी रानात उभी असते. गोठ्यातला माणूस गंजीचा अंदाज आत्ताच घेतो. चैत्रात गंजीकडे बघून काय उपयोग, हे त्याला शिकवावे लागत नाही.