ध्रुवावरील कारकुनी

दक्षिण ध्रुवाकडील संशोधनाच्या खर्चाचा विषय निघाला कीं आपल्याकडील सुशिक्षित मंडळी एक ठरलेला प्रश्न विचारतात : ‘वर्षभर बर्फांत राहून या लोकांनीं शोधलें तरी काय ?’ स्कॉट आणि आमुंडसेन यांच्या साहसकथा हीच मंडळी मोठ्या आवडीनें वाचतात. परंतु वारा, ऊन आणि हवेचा दाब यांचे आंकडे रोज टिपणारा मनुष्य त्यांच्या लेखीं केवळ दूर देशीं धाडलेला कारकून! हा आक्षेप आम्हांस सपशेल चुकीचा वाटतो. आणि तो कां, हें एका उदाहरणानेंच सांगणें बरें.

आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या (१९५७-५८) निमित्तानें ब्रिटिशांनीं १९५६ सालीं ब्रंट नांवाच्या तरंगत्या हिमपठारावर हॅली बे येथें ठाणें घातलें. हिवाळ्यांत तेथें शंभराहून अधिक दिवस सूर्य उगवत नाहीं. तो परतला कीं डॉब्सन-यंत्र लावून त्याच्या अतिनील किरणांतील दोन लहरींची तुलना करावयाची. ओझोन वायु एक लहर अधिक शोषतो, दुसरी कमी. त्या फरकावरून डोक्यावरील ओझोनचें मान काढावयाचें, वहींत लिहावयाचें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा तेंच. पहिल्या वर्षीं हातीं काय आलें ? एक वही. दहाव्या वर्षीं ? दहा वह्या. आमच्या आक्षेपकांकडे तिजोरीच्या किल्ल्या असत्या, तर अकराव्या वर्षीं त्या ठाण्यास कुलूप लागलें असतें !

सुदैवानें तसें झालें नाहीं. १९८५ च्या मे महिन्यांत फार्मन, गार्डिनर व शँक्लिन या तिघांनीं ‘नेचर’ मध्यें जाहीर केलें कीं, हॅलीवर ऑक्टोबरांत पूर्वीं सुमारें तीनशें डॉब्सन-एकक असणारा ओझोन आतां सुमारें दोनशेंवर आला आहे. अमेरिकन उपग्रहासही घट दिसली होती. परंतु इतके कमी आंकडे संशयास्पद ठरून तपासणीकरितां बाजूस ठेवलेले होते. हॅलीच्या जुन्या वह्या होत्या, म्हणूनच ‘पूर्वीं किती होता’ हें छातीठोकपणें सांगतां आलें. १९८७ सालीं मॉन्ट्रिअलचा करार झाला, आणि शीतकपाटांत व फवाऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंवर बंधन आलें.

हिशेब मागूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. लोकांच्या पैशाचा हिशेब मागितलाच पाहिजे. परंतु आंब्याची कोय पुरून पहिल्याच पावसाळ्यांत फळ मागणें, हा हिशेब नव्हे. शिवाय मोजमापाचें चुकलेलें वर्ष मागाहून कितीही द्रव्य ओतलें तरी विकत मिळत नाहीं; कालची हवा आज मोजतां येत नाहीं.

१९८९ पासून मैत्री आणि २०१२ पासून भारती या ठाण्यांवर आपलीं माणसेंही हिवाळा काढतात. गोव्यांतील वास्को येथील ध्रुवीय संशोधन केंद्र त्यांची व्यवस्था पाहतें. त्यांपैकीं कोणी घरीं परतला, तर ‘काय शोधलेंस ?’ असें त्यास विचारूं नये. ‘एकही दिवस चुकला नाहीं ना ?’ असें विचारावें. त्याच्या वर्षाचें खरें मोल या एका प्रश्नाच्या उत्तरांत आहे.