अभियोक्त्यांची उपेक्षा

वणीच्या फौजदारी न्यायालयात सकाळी अकराच्या सुमारास जो कोणी जाईल त्याला एक दृश्य हमखास पाहावयास मिळेल. बाहेर व्हरांड्यात आरोपी, त्यांचे नातेवाईक, साक्षीसाठी आलेले शेतकरी आणि खाणकामगार उभे असतात. आत वकिलांची लगबग चालू असते. आणि या सर्वांच्या मध्ये, गुलाबी दोऱ्यात बांधलेल्या कागदांचा ढीग पुढे घेऊन, एक गृहस्थ एका कानाने न्यायाधीशांचे व दुसऱ्या कानाने पैरवीच्या हवालदाराचे ऐकत उभा असतो. हा राज्याचा वकील. कागदोपत्री त्याला सहायक सरकारी अभियोक्ता असे भारदस्त नाव आहे. ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याचा मुलगा डंपरखाली सापडला, जिला नवऱ्याने मारहाण केली, त्या सर्वांचा हा एकच वकील. परंतु त्याचे नाव त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते, आणि त्यालाही त्यांची ओळख बहुधा त्याच दिवशी, साक्षीच्या पिंजऱ्याजवळ होते.

उज्ज्वल निकम यांच्यासारखा विशेष अभियोक्ता मुंबईवरील हल्ल्याचा खटला चालवितो तेव्हा सारे राष्ट्र त्याचा शब्द न् शब्द ऐकते. त्यात गैर काही नाही. पण कायद्याचे राज्य सामान्य माणसाला जेथे भेटते ती जागा म्हणजे तालुक्याचे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे न्यायालय होय. तेथे राज्याची बाजू कोण मांडतो, कोणत्या परिस्थितीत मांडतो आणि वीस वर्षे मांडल्यावर त्याचे पुढे काय होते, याची चौकशी आमच्या सुशिक्षित समाजाने क्वचितच केली असेल. ती आज करणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी कायद्यांनी या माणसाच्या शिरावरचे ओझे वाढविले आहे, आणि त्याच्या बढतीची वाट मात्र जास्तच धूसर केली आहे.

वणी हे लोकनायक बापूजी अणे यांचे जन्मगाव. काही काळ शिक्षकी करून बापूजी वकिलीत शिरले व यवतमाळला त्यांनी तो व्यवसाय केला. वकिली म्हणजे सार्वजनिक कार्याचे प्रवेशद्वार, अशी त्या पिढीची धारणा होती. आजच्या वणीचे स्वरूप पार पालटले आहे. उकणी, निलजई, कोलारपिंपरी, मुंगोली ही नावे आता गावांपेक्षा कोळशाच्या खाणींची म्हणून अधिक परिचित आहेत. खाण आली की तिच्यामागून जडवाहतूक, कोळशाची चोरी, परप्रांतीय मजूर आणि त्यांच्या झोपड्यांतील भांडणे ही येतातच. वर्धा नदीपलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ या काळात दारूबंदी होती. त्या सहा वर्षांत नदीच्या या काठावरून त्या काठाला दारू नेण्याचा उद्योग किती बोकाळला होता हे वणीकरांना सांगावयास नको. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते. अशा गावी साक्षीदार मिळणे कठीण, आणि मिळालेला टिकणे त्याहून कठीण. ज्या मजुराने अपघात डोळ्यांनी पाहिला तो खटला उभा राहीपर्यंत बिहारात किंवा आदिलाबादेकडे गेलेला असतो. पंच फितूर होतो. समन्स 'सदर इसम मिळून आला नाही' या शेऱ्यानिशी परत येते. आणि न्यायाधीश विचारतात ते अभियोक्त्याला.

अभियोक्त्याचा दिवस कसा जातो ते थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. बोर्डावर त्या दिवशी लागलेल्या खटल्यांचे कागद त्याच्या हाती बहुधा सकाळीच येतात. ते आणून देणारा पैरवीचा शिपाई पोलीस ठाण्याचा; तो उद्या बंदोबस्तावर गेला तर त्याची जागा रिकामी. साक्षीदाराला त्याचा जुना जबाब वाचून दाखवावयास व्हरांड्याचा कोपरा मिळाला तर मिळाला. सरतपासणी चालू असतानाच कोणाच्या तरी जामिनाचा अर्ज येतो आणि त्यावर सरकार पक्षाचे म्हणणे, ज्याला न्यायालयात सर्वजण 'से' म्हणतात, ते त्याच घटकेला लिहून द्यावे लागते. तेवढ्यात रिमांडसाठी आरोपी हजर करतात. एका अभियोक्त्याकडे एकाहून अधिक न्यायालयांचे काम असेल, तर तो या दालनातून त्या दालनात धावत असतो व दोन्हीकडे त्याच्यासाठी खोळंबा होतो. लघुलेखक, स्वतंत्र कारकून, अद्ययावत ग्रंथ या गोष्टी जिल्ह्याच्या ठिकाणीसुद्धा बेताच्याच. तालुक्यात त्यांचे नाव काढू नये. समोरच्या खासगी वकिलाजवळ एक कनिष्ठ वकील, एक टंकलेखक आणि मुख्य म्हणजे एकाच खटल्याची तयारी असते. राज्य हा देशातील सर्वांत मोठा पक्षकार खरा, पण आपल्या वकिलाला त्याने सर्वांत गरीब पक्षकारासारखे वागवावे, हे आम्हांस अनाकलनीय वाटते.

आणि या माणसावर जबाबदारी कोणती? सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सरला विरुद्ध वेलू या प्रकरणात असे स्पष्ट केले की, तपास हे पोलिसांचे क्षेत्र असून दोषारोपपत्र दाखल करण्यापूर्वी अभियोक्त्याचे मत घेण्याची सक्ती त्यांच्यावर करता येत नाही. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. पण त्याच न्यायालयाने २०१४ साली किशनभाई प्रकरणात सर्व राज्यांना आज्ञा केली की, प्रत्येक निर्दोष सुटकेची छाननी व्हावी आणि तपास अधिकारी किंवा अभियोक्ता यांपैकी ज्याचा दोष आढळेल त्याच्यावर खातेनिहाय कारवाई व्हावी. हेतू उत्तम होता. तथापि प्रत्यक्षात काय होते? आमच्या आयुष्याची काही वर्षे शाळामास्तरकीत गेली आहेत. वर्षभर वर्ग एकाने शिकवावयाचा आणि निकाल लागल्यावर जाब परीक्षेच्या दिवशी वर्गावर उभ्या असलेल्या मास्तरला विचारावयाचा, असा प्रकार एखाद्या हेडमास्तरांनी केला असता तर आम्ही सर्वांनी मिळून राजीनामे दिले असते. अभियोक्त्यांना ती सोय नाही. पंचनामा त्याने केलेला नसतो, मुद्देमाल त्याने सीलबंद केलेला नसतो. परंतु आरोपी सुटला की निकालपत्रातील वाक्ये अधोरेखित होऊन खुलासा मागणारा कागद जसा पोलिसाकडे, तसा त्याच्याकडेही येऊ शकतो. शिवाय त्याच सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या प्रकरणात बजावले आहे की, कसेही करून शिक्षा मिळविणे हे अभियोक्त्याचे काम नव्हे. आरोपीच्या बाजूचे जे असेल तेही त्याने न्यायालयापुढे मांडले पाहिजे. शिक्षांची टक्केवारी मोजणारे वरिष्ठ एका बाजूला आणि न्यायनिष्ठुरता सांगणारे निकालपत्र दुसऱ्या बाजूला, अशा कात्रीत त्याने आपली सदसद्विवेकबुद्धी सांभाळावयाची आहे.

ही स्थिती काही आजची नव्हे. १८९८ च्या फौजदारी संहितेखाली कनिष्ठ न्यायालयांतील खटले पोलीस प्रॉसिक्यूटर चालवीत. ते पोलीस खात्याचेच नोकर असत. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधि आयोगाने १९५८ साली आपल्या चौदाव्या अहवालात ही पद्धत मोडून अभियोगाची स्वतंत्र यंत्रणा उभारावी असे सुचविले. १९७३ च्या संहितेने ते मान्य केले व पोलीस अधिकारी सहायक अभियोक्ता होऊ शकणार नाही, असा नियम, अपवाद ठेवून का होईना, घालून दिला. मग महाराष्ट्राने काय केले? १ एप्रिल १९७४ रोजी संहिता अमलात आली आणि होते तेच पोलीस प्रॉसिक्यूटर सहायक सरकारी अभियोक्ते म्हणून घोषित झाले. मात्र त्यांच्यावरची सत्ता पोलीस खात्याचीच राहिली. पाटी बदलली, दुकान तेच राहिले! एकवीस वर्षे हा प्रकार चालला. अखेर अभियोक्त्यांनाच न्याय मागण्यासाठी न्यायालयात जावे लागले, आणि शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली राज्य सरकारला आदेश दिला की, अभियोक्त्यांना पोलिसांच्या प्रशासकीय व शिस्तविषयक नियंत्रणातून मुक्त करा, त्यांचे स्वतंत्र खाते निर्माण करा आणि त्या खात्याचा प्रमुख थेट शासनास जबाबदार ठेवा. ज्यांनी दुसऱ्यांसाठी न्याय मागावयाचा त्यांना स्वतःसाठी तो मिळविण्यास दिल्लीपर्यंत जावे लागले, ही गोष्ट आमच्या राज्यकर्त्यांना भूषणावह नाही.

स्वतंत्र खाते झाले, अभियोग संचालनालय झाले, जिल्ह्याला सहायक संचालक आले. पण खात्याला जिना बांधावयाचे राहून गेले. या नोकरीत शिरण्यासाठी कायद्याची पदवी व पाच वर्षांची वकिली लागते आणि लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते. २०२२ साली आयोगाने एकदम ५४७ जागांची जाहिरात दिली. एवढ्या जागा एका वेळी भराव्या लागाव्यात यावरूनच मागची किती वर्षे त्या तुंबून राहिल्या असतील याची कल्पना येते. आता त्याच आयोगाची दुसरी परीक्षा देऊन त्याच न्यायालयात न्यायासनावर बसलेल्या तरुणाकडे पाहा. त्याच्यापुढे वरिष्ठ स्तर, जिल्हा न्यायाधीश आणि भाग्य असेल तर उच्च न्यायालय असा चढता मार्ग आहे. न्यायाधीशांच्या वेतनासाठी १९९६ साली न्यायमूर्ती शेट्टी यांचा स्वतंत्र आयोग बसला व पुढे दुसराही बसला. त्याच दालनात, त्याच वेळी, तेच खटले चालविणाऱ्या अभियोक्त्याच्या वाट्याला राज्य कर्मचाऱ्यांचा सर्वसामान्य वेतन आयोगच येतो. आम्ही दोघांना एका मापाने मोजा असे म्हणत नाही. न्यायासनाचा मान वेगळा आहे. पण अंतर किती असावे यालाही काही मर्यादा हवी.

बढतीचा खरा प्रश्न सत्र न्यायालयाच्या उंबरठ्याशी येऊन अडतो. वणी, शिरपूर, मुकुटबन या ठाण्यांतील खुनासारखे गंभीर गुन्हे वर्षानुवर्षे पांढरकवड्याच्या सत्र न्यायालयात चालत आले. ज्या अभियोक्त्याने वणीला त्या आरोपीच्या पहिल्या रिमांडपासून प्रकरण हाताळले त्याच्या हातून ते तेथे सुटते. सत्र न्यायालयात राज्यातर्फे उभे राहणारे जिल्हा सरकारी वकील व अतिरिक्त सरकारी वकील १९८४ च्या विधि अधिकारी नियमांनुसार प्रामुख्याने वकीलवर्गातून, ठरावीक मुदतीसाठी नेमले जातात. संहितेत अशी तरतूद आहे की, जेथे अभियोक्त्यांचा नियमित संवर्ग असेल तेथे सरकारी अभियोक्ता त्या संवर्गातूनच नेमला पाहिजे. पण नियमित संवर्ग म्हणजे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली केरळच्या एका प्रकरणात, व संसदेने २००५ च्या दुरुस्तीत, उत्तर दिले की ज्यात सहायकापासून सरकारी अभियोक्त्यापर्यंत बढतीची साखळी आहे तोच नियमित संवर्ग. म्हणजे पाहा कसे आहे ते: साखळी असेल तर बढती द्यावी लागते, बढती द्यावयाची नसेल तर साखळी पुरी करू नये म्हणजे झाले. ज्याच्या हाती साखळी जोडणे आहे त्यालाच नेमणुका वाटण्याचीही मुभा असल्यावर ती जोडण्याची घाई कोणाला होणार? १९८१ साली याच कलमात दुरुस्ती करून महाराष्ट्राने सत्र न्यायाधीशांच्या सल्ल्याऐवजी राज्य शासनाची मान्यता घातली, हेही येथे ध्यानात ठेवलेले बरे.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेने या गुंत्यात भर घातली आहे. तिच्या २० व्या कलमाने प्रत्येक जिल्ह्यात अभियोग संचालनालयाची तरतूद केली, उपसंचालकाला पोलिसांच्या अहवालाची छाननी करण्याचा अधिकार दिला, अपिलाविषयी मत देण्याचे काम संचालनालयाकडे सोपविले. याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. शाळामास्तरांच्या वर उल्लेखिलेल्या दुःखावर काही उपाय असेल तर तो हाच. परंतु संचालक आणि उपसंचालक कोण होऊ शकेल? पंधरा वर्षे वकिली केलेला वकील, किंवा आजी अथवा माजी सत्र न्यायाधीश. सहायक संचालकास सात वर्षांची वकिली, किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून केलेले काम. ज्याने वणीसारख्या गावी वीस वर्षे राज्याचे खटले चालविले त्या अभियोक्त्याचा या कलमात नावानिशी उल्लेख नाही. सरकारी अभियोक्ता नेमताना सहायक अभियोक्त्याची नोकरी वकिलीच समजावी, असे १८ वे कलम स्पष्ट सांगते. पण ती सवलत त्या कलमातील नेमणुकांपुरतीच आहे, संचालनालयाच्या पदांना ती लागू केलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दीपक अग्रवाल प्रकरणात म्हटले की, जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीसाठी सरकारी अभियोक्ता हा वकीलच होय. म्हणजे न्यायाधीश होण्यास तो वकील आहे, आणि स्वतःच्या खात्याचा प्रमुख होण्यास आहे की नाही यावर वाद घालता येतो! अशा शब्दांच्या फटीतून उद्या पुन्हा न्यायालयीन झगडे सुरू होतील आणि आणखी वीस वर्षे जातील.

यावर असे म्हटले जाईल की, बाहेरून आलेला अनुभवी वकील खात्यात नवे रक्त आणतो; केवळ ज्येष्ठतेने वर चढणारा नोकर सुस्तावतो. या आक्षेपात तथ्य आहे, आणि सत्र न्यायालयांतील काही सरकारी वकिलांनी केलेली कामगिरी आम्ही नाकारीत नाही. पण म्हणून सर्व दारे एकाच बाजूने उघडी ठेवावीत असे होत नाही. काही जागा संवर्गातील परीक्षित अधिकाऱ्यांसाठी व काही वकीलवर्गासाठी, अशी वाटणी करता येण्यासारखी आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या भरतीत बढती व थेट निवड ही दोन्ही दारे शेजारीशेजारी उघडी आहेतच. फौजदारी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतील विषय आहे आणि १९८१ साली दुरुस्ती करण्यास राज्याला अडचण आली नव्हती.

दरम्यान दैनंदिन ओझे वाढतच आहे. झडतीचे चित्रीकरण, सात वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळी भेट, मोबाइलमधील पुराव्यासोबत हॅशच्या नोंदीसह प्रमाणपत्र, आरोप निश्चितीस साठ दिवसांची व निकालास पंचेचाळीस दिवसांची कमाल मर्यादा, या साऱ्या गोष्टी कायद्यात आल्या. चित्रीकरणाची ती फीत पाहावयास अभियोक्त्याजवळ संगणक आहे की नाही, हे कायद्याने विचारलेले नाही. २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमाने त्याचा एका जागेचा काळ सामान्यतः तीन वर्षांचा. खटला त्याहून अधिक चालतो, तेव्हा फिर्यादीची साक्ष एक अभियोक्ता घेतो आणि युक्तिवाद दुसरा करतो. मधल्या काळात साक्षीदाराच्या चेहऱ्यावर काय उमटले होते ते कोणत्याच कागदावर नसते.

विधिमंडळात गृहखात्याच्या मागण्या चर्चेस येतील तेव्हा पोलिसांच्या गाड्यांवर व घरांवर पुष्कळ बोलले जाईल. यवतमाळ जिल्ह्याच्या आमदारांनी त्या वेळी तीन प्रश्न लेखी उत्तरासाठी विचारावेत अशी आमची सूचना आहे: वणी, मारेगाव, झरी जामणी आणि केळापूर येथे मंजूर असलेल्या अभियोक्त्यांच्या व त्यांच्या कारकुनांच्या जागा किती व भरलेल्या किती, सहायक अभियोक्त्याची सेवा विसाव्या कलमासाठी वकिली म्हणून धरण्याकरिता शासन दुरुस्ती आणणार काय, आणि सत्र न्यायालयापर्यंत बढतीची साखळी असलेला संवर्ग कोणत्या तारखेपर्यंत होणार.