टाकीच्या मापाचा मासा?



‘टाकी लहान असली की मासाही लहानच राहतो’ हे मागच्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. दुकानात ‘शार्क’ म्हणून बोटभर लांबीचा विकतात तो मेकाँग नदीतला पंगास. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तो बहुधा हाच. नदीत तो मीटरभराहून लांब होतो. तीन फुटी टाकीत त्याची वाढ खुंटते ती घाण पाण्याने आणि कोंडल्यामुळे, समजूतदारपणाने नव्हे! खोलीतला दिवा अचानक लावला तरी बिचकून काचेवर आदळतो, तोंड सोलवटून घेतो. पाणी कितीही बदला, जागा वाढत नाही. नकोसा झाला म्हणून तलावात सोडणे तर त्याहून वाईट. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत अशाच टाक्यांतून आलेल्या सकर माशांनी घातलेला धुमाकूळ पुरे आहे. दुकानदार परत घेणार असेल तरच तो घरी आणावा.

– एक मत्स्यप्रेमी, डोंबिवली