पदवीधर आश्रिता

न्यू जर्सीतील एडिसन या गावी, जेथे ओक ट्री रोडवर जरा पाय मोकळे करावयास निघाले तरी कढीपत्त्यापासून साड्यांपर्यंत सारे काही मिळते, माझी एक भाची राहते. पुण्यास स्थापत्य अभियांत्रिकीत एम.टेक. होऊन, चार वर्षे पुलांच्या आराखड्यांची गणिते करून, मग विवाहानंतर ती तिकडे गेली. मागे तिच्याकडे मुक्कामास असताना साखर शोधण्याच्या निमित्ताने मी जो खण उघडला, त्याच्या तळाशी एक खाकी पाकीट होते व त्याच्या चिकटवलेल्या तोंडावर विद्यापीठाचा जांभळा शिक्का होता. पदवीची तुल्यता ठरविणाऱ्या संस्थेनेच ते उघडावे, अर्जदाराने फोडल्यास ते बाद, असा शिरस्ता. "मामा, ते नका हं फोडू. कामाची परवानगी आली की पाठवायचंय," ती म्हणाली. त्या परवानगीची वाट पाहण्याचे तिचे ते पाचवे वर्ष होते.

अमेरिकेच्या १९९०च्या कायद्याने जो एच-१बी परवाना अस्तित्वात आणला, त्यावर दरसाल ६५,००० आणि तेथील उच्च पदवी घेतलेले आणखी २०,००० परदेशी तज्ज्ञ नोकरीस घेता येतात. त्यांच्या सहधर्मचारिणीस मात्र एच-४ या नावाचा आश्रिताचा परवाना मिळतो, आणि त्यावर तिला राहता येते, शिकता येते, परंतु मोबदला घेऊन काम करता येत नाही. मे २०१५ पासून एवढी सवलत झाली की, पतीच्या कायम वास्तव्यासाठी त्याच्या मालकाने केलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झाला असेल, तर पत्नीसही कामाची परवानगी मागता यावी. या सवलतीचा लाभ घेणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत आणि नव्वद टक्क्यांहून अधिक भारतीय आहेत. कारण कायम वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशाचा वाटा सात टक्क्यांच्या वर जाऊ न देण्याच्या नियमामुळे भारतीयांची रांग दशकांच्या हिशेबाने मोजावी लागते. या सवलतीविरुद्धचा दावा दहा वर्षे चालला व ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिल्याने सवलत टिकली; पण त्याच महिन्याच्या अखेरीस कामाच्या परवानगीच्या नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना मुदत आपोआप वाढण्याची सोय सरकारने काढून घेतली, आणि कागद वेळेवर न आल्यास चालू नोकरी सोडून घरी बसण्याची पाळी कुणावरही येऊ शकते.

माझ्या भाचीच्या पतीच्या मालकाने आय-१४०चा अर्जच अद्याप केलेला नाही. ती रविवारी मराठी शाळेत मुलांना बाराखडी शिकविते, अर्थात विनावेतन. मी एका रविवारी तेथे जाऊन बसलो, तर शेजारच्या वर्गात काना-मात्रा समजावणाऱ्या बाई दंतवैद्य होत्या (त्यांना व्यवसाय करावयाचा तर तेथल्या दंतमहाविद्यालयात पुन्हा दोन-तीन वर्षे काढावी लागतात) आणि वर्गणीचा हिशेब सनदी लेखापाल बाई पाहत होत्या. इतका विद्वान शिक्षकवृंद लाभलेली प्राथमिक शाळा मी महाराष्ट्रात पाहिलेली नाही, आणि हे मी कौतुकाने लिहीत नाही.

परदेशाने आपल्या नोकऱ्यांचे दरवाजे कुणास उघडावेत हा त्याचा अधिकार आहे; त्याबद्दल रोष धरून लाभ नाही. माझी तक्रार घरच्यांविरुद्ध आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या त्या स्वतः शिकण्यासाठी; पती मागाहून गेले, आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांचे चरित्र मुलींच्या हाती देणारे आपण, त्याच मुलींना पदव्युत्तर शिक्षण देऊन, तिकडे धाडताना मात्र त्यांच्या नावापुढे आश्रित हा शब्द लागणार आहे याची चौकशीही करीत नाही. स्थळ पाहताना मुलाचा पगार, घराचे क्षेत्रफळ, गाडीचे नाव, इतकेच नव्हे तर त्याच्या खाण्यापिण्याच्या सवयी आपण बारकाईने विचारून घेतो. मुलीच्या दहा-बारा वर्षांच्या विद्येचे पुढे काय, हे विचारणे मात्र अधिकपणाचे वाटते, आणि मग पाच वर्षांनी तीच मुलगी परत येऊन नोकरी शोधू लागली की मुलाखतीत तिला प्रथम विचारले जाते ते मधल्या रिकाम्या वर्षांविषयी.

म्हणून वधूपित्यांना व वधूमातांना माझी विनंती आहे की, पुढच्या बैठकीत पगाराच्या प्रश्नाला जोडूनच हेही विचारावे: परवाना कोणता, आय-१४० मंजूर आहे काय, नसल्यास मालकाने तो केला आहे काय. उत्तर तोंडी घेऊ नये. मंजुरीचा कागद पाहावा. आणि मुलीला स्वतःच्या नावाचा प्रवेश वा नोकरी मिळवून जाता येत असेल, तर तिथी वर्षभर पुढे ढकलावी.