नोंदवहीतला विद्यार्थी

बारामती-इंदापूरच्या उसाच्या पट्ट्यातून मुले अमेरिकेत शिकावयास जातात; मागे उरते ते घरच्यांच्या डोक्यावरचे कर्ज. तेथे परदेशी विद्यार्थ्याचा प्रवेश, पत्ता व अभ्यासक्रम ‘सेविस’ या सरकारी यंत्रणेस कळविण्याचे बंधन विद्यापीठांवर २००३ पासून आहे. २०२५ च्या वसंतात सरकारने हजारो नोंदी परस्पर रद्द केल्या. कित्येक विद्यापीठांना ते यंत्रणा स्वतः तपासल्यावरच कळले. विद्यार्थी न्यायालयात गेले, तेव्हा एप्रिलअखेर सरकारने माघार घेतली.

या अन्यायाने हळहळणाऱ्यांनी घरचा कायदाही पाहावा. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यानुसार पुण्यातील महाविद्यालयांनाही परदेशी विद्यार्थ्यांची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास द्यावी लागते. माहिती मागण्याचा शासनाचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु ती देताना विद्यार्थ्याला अंधारात ठेवणे विद्येच्या मंदिराला शोभणारे नाही. कळविलेल्या नोंदीची प्रत त्याच्या हाती द्यावी, चूक दाखविण्यास मुदत द्यावी. त्यासाठी नवा कायदा नको. प्राचार्यांची इच्छा पुरे. इंदापूरच्या मुलासाठी बोस्टनमध्ये मागावयाचा न्याय पुण्यात शिकणाऱ्या केनियाच्या मुलालाही मिळालाच पाहिजे.