घरच्या संगणकास ग्राफिक्स कार्ड

सुटी लागली कीं घरोघरच्या मुलामुलींकडून वडील मंडळींपुढें एक मागणी येऊं लागते : घरांतील संगणकास ग्राफिक्स कार्ड हवें. ही मागणी अयोग्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. व्हिडिओचें संपादन, वास्तुरचनेचे आराखडे, हल्लींचे मोठे खेळ यांस त्याचें साह्य लागतेंच. परंतु लेखन, हिशेब आणि घरबसल्या शिकवणी एवढेंच काम असेल, तर बहुतेक प्रोसेसरांत अंगचीच असलेली सोय पुरते. तेथें हा खर्च करूं नये.

कार्ड घ्यावयाचें ठरल्यावर लोक प्रथम किंमत विचारतात. आमच्या मतें पहिला प्रश्न निराळा असावा : आपला पॉवर सप्लाय किती वॉटांचा आहे? हा आंकडा त्याच्याच बाजूस चिकटविलेल्या पट्टीवर छापलेला असतो. मदरबोर्डवरील पीसीआय एक्स्प्रेसच्या लांब खांचेंतून कार्डास फार तर ७५ वॉट मिळतात. अधिक लागल्यास पॉवर सप्लायमधून वेगळी तार आणावी लागते. सहा पिनांची तार आणखी ७५, तर आठ पिनांची १५० वॉट देते. २०२३ सालीं निघालेलें आरटीएक्स ४०६० स्वतः ११५ वॉट घेतें, व त्यासाठीं एनव्हिडिया कंपनी ५५० वॉटांचा पॉवर सप्लाय सुचविते.

कचेऱ्यांतून निघालेले जे जुने संगणक आपल्याकडे स्वस्तांत घेतले जातात, त्यांचा पॉवर सप्लाय पुष्कळदां २५०-३०० वॉटांचाच असतो, आणि ती जादा तारही नसते. तेथें अडॅप्टर लावून भागविण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानूं नये. तार तापून यंत्र बिघडलें, तर एकट्या मुलाचा खेळ थांबत नाहीं. आजोबांचे हिशेब, सुनेचें कचेरीचें काम व साऱ्या घराचीं छायाचित्रें अडकून पडतात. अशा यंत्रासाठीं आरटीएक्स ३०५० चें ६ जीबीचें कार्ड पाहावें. तें ७० वॉटांत चालतें व सहसा वेगळी तार मागत नाहीं.

खांचेच्या पिढीची चिंता फारशी नको. नवें कार्ड जुन्या खांचेंत चालतें. मात्र आरएक्स ६५०० एक्सटीसारखें चारच लेनचें कार्ड तिसऱ्या पिढीच्या खांचेंत मंदावतें. कॅबिनेटमधील मोकळी लांबी टेपनें मोजावी. मॉनिटरची तारही पाहावी, कारण व्हीजीएची जागा नव्या कार्डांवर नसते.

हीं सर्व मापें मागणी करणाऱ्या मुलाकडूनच कागदावर लिहवून घ्यावीं, आणि तो कागद घेऊनच दुकानाची पायरी चढावी.