दगडाचे ओझे आणि माणसाचा कणा

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले आणि गोव्याच्या मुक्तीची पहाट फार दूर नाही, अशी आशा त्या बातमीने गोमंतकीयांच्या मनात जागवली. प्रत्यक्षात ती पहाट उगवण्यास आणखी सात वर्षे लागली. तथापि सिल्वाशाचा आणि आमचा जिव्हाळा कायम राहिला. आज ते गाव उद्योगांचे केंद्र बनले आहे. करसवलतींच्या आधाराने दमणगंगेच्या परिसरात जे कारखाने उभे राहिले, त्यांत परदेशी संगमरवराचे प्रचंड ठोकळे कापून त्यांच्या लाद्या करणारे कारखाने आणि त्यांच्या वखारीही आहेत. तेथील गुळगुळीत फरशी दिवाणखान्यात पाहताना ती येथवर कोणी व कशी उचलून आणली, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. तोच आज आम्हांस विचारावयाचा आहे.

हिशेब साधा आहे. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि अवघी दोन सेंटिमीटर जाड अशी संगमरवराची एक लादी सुमारे ३२० किलो भरते. कारखान्यात तिला उचलण्यास क्रेन असते. परंतु क्रेनचे राज्य फाटकापाशी संपते. पुढे टेंपोतून उतरविणे, गल्लीतून नेणे, जिना चढविणे हे सारे माणसांच्या हातांवर आणि खांद्यांवर येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या आपल्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली आहे. सहा जणांनी ही लादी उचलली तर कागदावर प्रत्येकाच्या वाट्यास त्याहून किंचित कमी भार येतो. परंतु भार कागदाप्रमाणे वाटला जात नाही. जिन्याच्या वळणावर चौघांचे हात सैल पडतात आणि सारे वजन दोघांच्या कण्यावर येते. शिवाय दगड दाबास बळकट असला तरी वाकण्यास दुबळा असतो. म्हणून लादी आडवी न धरता कडेवर उभी न्यावी लागते, आणि उभी लादी कलली की तिला सावरणे माणसाच्या आवाक्यात राहत नाही. तिरप्या घोडीवर रचलेल्या लाद्यांतून एक ओढताना शेजारच्या कोसळणे, हा या धंद्यातील सर्वांत मोठा धोका होय.

यावर उपाय नाही असे नाही. कात्रीसारखा चिमटा लादीच्या वरच्या कडेस लावला की लादी जितकी जड तितकी त्याची पकड घट्ट होते. साखळीच्या कप्पीने एकटा माणूस तीस-पस्तीस किलोंच्या ओढीने एक टन वजन उचलू शकतो. हवा काढून चिकटणाऱ्या रबरी वाट्या गुळगुळीत पृष्ठभाग धरून ठेवतात. मात्र धूळ, ओल किंवा खडबडीतपणा असेल तर त्या दगा देतात, हे विसरता कामा नये. साधने जुनीच आहेत. उणीव आहे ती ती एकत्र आणून आमच्या परिस्थितीस साजेशी करण्याची.

आम्हांस हवे आहे ते असे साधन, जे सुटे करून टेंपोच्या कोपऱ्यात मावेल, ज्याचा कोणताही भाग दोघांना सहज उचलता येईल, जे अडीच फुटी दारातून आत जाईल, चिखलाच्या जमिनीवर स्थिर उभे राहील आणि ज्याचे बोल्ट व साखळी कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. त्यावर किती वजन उचलावे ते ठळक अक्षरांत कोरलेले असावे. एका घराचे काम आटोपले की ते दुसऱ्या घरी जावे. सेंट्रिंगच्या प्लेटा आणि काँक्रीटचे मिक्सर भाड्याने मिळतात, तर हे साधन का मिळू नये? सिल्वाशाजवळील कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनाने व फर्मागुढीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न ठेवावा. कारखानदारांनी नमुना तयार करण्याचा खर्च उचलावा. लादीच्या किमतीत तो दिसणारही नाही.

काही जण म्हणतील, तांबडी सुर्लच्या महादेव मंदिराचा काळा पाषाण घाटावरून आणताना पूर्वजांकडे कोणती यंत्रे होती? खरे आहे. पण त्या मंदिराकडे पाहताना शिल्पकाराचे कौशल्य डोळ्यांत भरते; पाषाणाखाली किती बोटे चिरडली याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. नोंद नाही म्हणून वेदना नव्हती, असा अर्थ होत नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने उचलण्याची यंत्रे व साखळ्या यांची वर्षातून एकदा तरी तपासणी करण्याचा दंडक घातला आणि इजा होईल इतके ओझे कोणास उचलावयास लावू नये, असेही बजावले. संसदेने २०२० साली कारखान्यांचे व बांधकामांचे असे अनेक कायदे एका संहितेत गोवले. परंतु तिसऱ्या मजल्यावरील स्वयंपाकघरापर्यंत निरीक्षकाची नजर क्वचितच पोहोचते. तेथे घरमालकाचीच नजर हवी. ओट्याची दहा फुटी ग्रॅनाइटची लादी नव्वद किलोंच्या घरात जाते. ठेकेदाराशी दर ठरविताना "ती कशाने उचलणार?" एवढे एक वाक्य आपण विचारले, तरी या साधनांना आपोआप गिऱ्हाईक निर्माण होईल.

माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडतो, हा हिशेब ठेकेदाराच्या वहीत बरोबर ठरतो, कारण मोडलेल्या कण्याचा खर्च त्या वहीत लिहिला जात नाही. तो लिहिला जातो कामगाराच्या घरी. वास्तुशांतीच्या दिवशी ज्या फरशीवर आपण पाट मांडतो, तिच्याखाली कोणाचे दुखणे दडलेले नसावे, एवढी अपेक्षा ठेवण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागू नये.